पणजोबांच्या हातातलं शस्त्र

सुगंधाला वाटलं होतं, आपण परदेशात गेम बनवायची विद्या शिकून आलो, आता जगातल्या बारा संस्कृती एका पटावर आणू आणि त्यांच्या पुढाऱ्यांत निदान एक तरी कुंभारीण, एखादा नावाडी, कुणीतरी साधं माणूस बसवू! डोंगरवेसच्या राजवाड्यात तिला सापडले ते अकरा राजे, आणि बारावी खुर्ची अडवून बसलेले सरकारांचे पणजोबा.

डोंगरवेसचं संस्थान कधीच गेलं होतं. श्रीमंत रणधुरंधरराव सरकारांचा तोरा तेवढा राहिला होता. गेमची कंपनी त्यांची, दरबार हॉल त्यांचा, आणि तिथे बसणारी चौदा पोरं आधी मुजरा करत, मग लॉगिन करत.

"ऐक पोरी," मिशीला पीळ देत सरकार म्हणाले, "इजिप्त झालं, रोम झालं, मंगोल झाले. बारावी संस्कृती डोंगरवेस! पुढारी आमचे पणजोबा, श्रीमंत गजेंद्रराव! कुठल्याही शत्रूकडून ते हरता कामा नयेत."

"म्हणजे त्यांना जबरदस्त शक्ती द्यायची?"

"द्यायची, पण खोटी नाही! आमच्या घराण्यात कुणी थाप मारलेली नाही. त्यांनी जे केलं तेच दाखवायचं."

"बरं. लढाया किती केल्या त्यांनी?"

कारभारी नारोपंत खोकले. "एक्केचाळीस वर्षांत... एकही नाही. म्हणून तर हरले नाहीत!"

"निदान तलवार तरी?"

"ती काय!" सरकारांनी भिंतीवरच्या तैलचित्राकडे बोट दाखवलं. समईच्या काजळीनं काळवंडलेल्या त्या चित्रात एक गोलमटोल गृहस्थ हातात काहीतरी लांब धरून उभे होते. "उद्या सकाळी आम्ही स्वतः मंगोल फौज घेऊन पणजोबांवर चाल करणार. ते जिंकले तर माग काय हवं ते! हरले तर गेम बंद, आणि हा हॉल लग्नांना! तीन वरबाप चौकशी करून गेलेत."

चौदा कॉम्प्युटरांमागून चौदा उसासे बाहेर पडले.

सुगंधा तडक राजवाड्याच्या स्वयंपाकघरात गेली. तिचे वडील भिकाजी तिथले आचारी. त्यांच्या आजोबा-पणजोबांनीही हीच चूल सांभाळलेली. लेकीचं तोंड पाहून त्यांनी काही न विचारता पानात जिलबी वाढली.

"अण्णा, भूक नाहीये."

"बरं, मग एकच."

"नको म्हटलं ना!"

"माझी शपथ आहे तुला, सुगे."

एकीच्या पाच झाल्या. सुगंधा उठायला गेली आणि परत पाटावर बसली. "अण्णा, आता कुणी माझ्याशी भांडायला आलं ना, तर मी त्यालाच जिंकू देईन!"

"अगं, असेच तर गजेंद्ररावांच्या काळी पाचशे स्वार परत गेले!" भिकाजी हसले. "शेजारचा संस्थानिक चाल करून आला होता. गजेंद्रराव वेशीवर जाऊन म्हणाले, पानं मांडलीत, आधी जेवा, मग लढू. आपले धर्माजी पणजोबा जिलब्या तळत होते, सरकार स्वतः आग्रह करून वाढत होते. बखरीत लिहिलंय सगळं. पण बखरीत लढाई नाही, मग ती उघडतंय कोण?"

सुगंधानं ओलं फडकं उचललं आणि दरबार हॉलकडे धाव घेतली. चित्रातल्या तलवारीवरची काजळी तिनं हलकेच पुसली. टोकाला गोल पातं निघालं. पात्याला भोकं होती!

नारोपंतांना बखर शोधायला लावून सुगंधा आणि चौदा पोरं रात्रभर खपली. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकार फेटा बांधूनच कॉम्प्युटरसमोर बसले. "हल्ला!"

मंगोल घोडेस्वार धूळ उडवत वेशीशी पोचले. पडद्यावर गोलमटोल गजेंद्रराव झारा घेऊन पुढे आले. "आलात? पानं मांडलीत. आधी जेवा, मग लढू!"

स्वार घोड्यांवरून उतरले.

"अरे जेवू नका!" सरकार ओरडले आणि दणादण बटणं दाबू लागले. "हे उठत का नाहीत?"

"आग्रह चाललाय, सरकार."

'एकच घ्या, माझी शपथ!' पडद्यावरचे पणजोबा म्हणत होते. दहाव्या जिलबीला फौज आडवी झाली. तीन डाव नुसतं घोरणं! चौथ्या डावाला सरकारांनी पुन्हा हल्ल्याचं बटण दाबलं. अक्षरं उमटली: 'खाल्ल्या मिठाला जागून फौज लढायला तयार नाही. घरी नेण्यासाठी डबा मागत आहे.'

"आमच्या पणजोबांच्या हाती झारा? ही थाप आहे!"

सुगंधानं चित्राकडे बोट दाखवलं. नारोपंतांनी बखरीचं पान पुढे धरलं. सरकार चित्राजवळ गेले, भोकं मोजली, बखर वाचली, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "म्हणजे हे पोट घराण्याचं आहे तर!" आणि असे गडगडून हसले की फेटा सुटला. "जिंकलीस! माग!"

सुगंधानं काल पाटावर बसूनच ठरवलं होतं. "तेरावी खुर्ची द्या, सरकार. पुढारी, धर्माजी आचारी!"

"आचारी? राजांच्या रांगेत?"

"जिलब्या तळल्या कुणी?"

सरकार सुटलेला फेटा गुंडाळू लागले. "बरं, शक्ती काय त्याची?"

"तो रुसला की चूल विझवतो. सगळी साम्राज्यं उपाशी!"

"आणि आमच्या पणजोबांची पंगत?"

"तीही."

"मग ते हरलेच की! अट मोडलीस!"

"अट शत्रूची होती, सरकार. आचारी कधी शत्रू असतो? तो रुसला तर राजानं उठून समजूत काढायला जायचं असतं!"

सरकार पुन्हा हसू लागले. डोळे पुसत म्हणाले, "नारोपंत, तेरावी खुर्ची मांडा! आणि आधी धावत जाऊन बघा, आपले भिकाजी आज रुसलेले नाहीत ना!"