केरबाने आणलेलं चॉकलेट

घाटमाथ्यावरच्या एका थंड गावात केरबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गावाचा शब्द वेगळा होता.

बायको शेवंता रोज पहाटे दवात भिजत स्ट्रॉबेरी खुडायला जाई. गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा तिने ठरवलं, घरी चॉकलेटच्या वड्या करायच्या. गरम दुधात टाकली की वडी विरघळते आणि थंडी पळते. तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर सबनीसबाई चव बघायला येणार होत्या. पसंत पडली तर हिवाळाभर रोज साठ वड्या. नाहीतर पुन्हा दव आणि गुडघे.

"अहो, बाजारातून कोको आणा. पिशवी शोधत बसू नका, हातातच आणा."

केरबाने दुकानदारासमोर ओंजळ धरली. घाटातल्या वाऱ्याने कोको वाटेतच वाटून टाकला. घरी पोचली ती फक्त केरबाच्या मिशीत अडकलेली चिमूट.

"अहो, असली वस्तू घोंगडीखाली, छातीशी घट्ट धरून आणायची!"

"असं होय? आता लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो चॉकलेटची लादी आणायला गेला. घोंगडीखाली छातीशी घट्ट धरून धावत आला. लादी बंडीत मुरली होती.

"कर्म माझं! अहो, नाजूक वस्तू गार ठेवायची. ओलं पोतं गुंडाळायचं, ओढा लागला की बुडवून काढायची!"

"हे आधी सांगायचं ना!"

मग शेवंताने सगळं सामान स्वतःच आणलं आणि वड्या थापल्या. बाई येण्याच्या दिवशी तिने नवऱ्याला स्टँडवर पाठवलं.

"बाई नाजूक आहेत. जपून आणा."

नाजूक वस्तू आणायची रीत केरबाला आता पाठ होती. त्याने बाईंना नमस्कार केला, ओलं पोतं गुंडाळलं आणि बैलगाडीत बसवलं. वाटेत दोन ओढे होते. दोन्हींत त्याने त्यांना आदराने बुडवून काढलं.

बाई दारात पोचल्या तेव्हा त्यांचे दात टाळ वाजवत होते.

"हा म-म-माणूस कोण आहे?"

"माझंच माणूस, बाई. काय करू?" शेवंताने त्यांना कोरडं लुगडं नेसवलं आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, गारठलेल्याला शेकोटीशी बसवायचं, घोंगडी पांघरायची, तळवे चोळायचे. घाम फुटेपर्यंत!"

तिने तसं केलंही. शिवाय वडी घातलेलं वाफाळतं दूध दिलं. एक पेला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला बाई हसल्या.

"चव पसंत आहे. आता साठ वड्या बरोबर द्या. मुलींच्या हातात अख्ख्या पोचल्या, तर हिवाळा तुमचा."

शेवंताने वड्या परातीत मांडल्या आणि बाईंची भिजलेली साडी वाळली का ते बघायला मागीलदारी गेली. बाईही मागोमाग गेल्या. केरबाने एका वडीला हात लावला. बर्फासारखी गार! दुसरीही तशीच. साठच्या साठ गारठलेल्या, आणि कुणाचं लक्ष नाही!

शेवंता परतली तेव्हा परात शेकोटीला टेकली होती आणि तिच्यावर घोंगडी होती. केरबाचे हात कोपरापर्यंत चॉकलेटी झाले होते.

"अहो, वड्या?"

"तळवे काही सापडले नाहीत गं. सगळीकडूनच चोळल्या." केरबाने अभिमानाने घोंगडी उचलली. "पण काळजी सोड. सगळ्यांना घाम फुटलाय!"

परातीत एक तळं होतं. शेवंता मटकन खाली बसली. बाईंनी तळ्याकडे पाहिलं, केरबाकडे पाहिलं आणि हसता हसता भिंतीला टेकल्या.

"उद्या नव्या वड्या करा, शेवंताबाई, आणि तुम्ही स्वतः घेऊन या. हिवाळा तुमचाच. फक्त एक अट."

"सांगा बाई."

"यांना यापुढे काहीही शिकवायचं नाही."