माथ्यावरची उशिराची नौबत

समुद्रकाठच्या एका गडावर सूर्य बुडताच दोन नौबती झडत, एक पायथ्याशी, एक माथ्यावर. माथ्यावरची रोज किंचित उशिरा.

राजज्योतिषी त्र्यंबकशास्त्री कडाडले, "महाराज, पृथ्वी पाटासारखी सपाट! सूर्य लांब गेला की सगळ्यांना एकदमच दिसेनासा होतो. हा वरची नौबत वाजवणारा भिवजी घडशी पेंगतो. द्या फटके!"

भिवजीने हात जोडले. "आज महाराजांनी माथ्यावर बसावं, शास्त्रीबुवांनी पायथ्याशी."

संध्याकाळी सूर्य बुडालेला पाहून शास्त्रीबुवांनी स्वतःच खालच्या नौबतीला इशारा केला. ती वर ऐकू आली तेव्हा राजासमोर सूर्याची कोर अजून पाण्यावर लखलखत होती.

राजा विचारात पडला. "मग खालच्यांपासून सूर्य झाकतो कोण?"

"समुद्राची फुगीर पाठ, महाराज. शास्त्रीबुवांनी एवढं सांगूनही तो सपाट राहत नाही. फटके द्यायचे तर त्यालाच द्या."