परसातलं घाणाघर आणि सुंद्राचे प्रश्न

फार पूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात लिंबाजी नावाचा एक तेली राहत होता. त्याच्या घाण्याचं तेल असं नितळ, की आसपासच्या वाड्यांवरच्या बायका दुसरं तेल घरात घेत नसत. पण घाणा होता राहत्या घराच्या पडवीत. पोवळ्या नावाचा त्याचा बैल दिवसभर तिथं गोल फिरायचा. फिरताना त्याचं शिंग भिंतीला घासायचं, आणि पेंडीचा वास अंथरुणा-पांघरुणांनाही लागायचा.

एका वर्षी करडई उदंड पिकली. लिंबाजीनं ठरवलं, आता परसात घाण्यासाठी वेगळं छप्पर घालायचंच. जागा त्यानं कधीच हेरून ठेवली होती. मागच्या दारासमोर, कुंपणालगत, जिथं सरपणाचा ढीग असे तीच. त्यानं सुताराला सांगावा धाडला, लाकूड आणून टाकलं. मुलगा तेल विकायला गावोगाव हिंडत होता, म्हणून घरी हाताशी होती ती एकटी सून, सुंद्रा.

"सूनबाई, सोमवारी सुतार येतोय. सरपण हलवून जागा मोकळी करून ठेव," लिंबाजी म्हणाला.

सुंद्रानं जागा मोकळी केली, झाडून लख्ख केली. मग पदराला हात पुसत ती म्हणाली, "मामंजी, खांब रोवायच्या आधी एकदा घर नुसतं मांडून बघू का?"

"मांडायला ते काय भातुकलीचं घर आहे?"

"भातुकलीतलं चुकलं तर पुसता येतं," सुंद्रा हसली. "खांब रोवले की मग नाही पुसता येत."

तिनं चुलीतली राख टोपलीभर आणली आणि जमिनीवर भिंतींच्या रेघा ओढल्या. मधोमध घाण्याच्या जागी पाटा ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्या बायका थबकून बघू लागल्या. एक तर म्हणाली, "काय ग, मोठ्यांचा खेळ मांडलायस वाटतं?" लिंबाजीला ओशाळल्यासारखं झालं. आता गावभर हसू होणार, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात सुंद्रानं पोवळ्याला आणून त्या रेघांच्या आत फिरवलं. पोवळ्या आपल्या रोजच्या चालीनं गोल निघाला.

"मामंजी, बघा तरी! अर्धा बैल भिंतीतून बाहेर चाललाय."

लिंबाजीनं पाहिलं. पडवीचंच माप त्यानं इथं धरलं होतं. म्हणजे नव्या घरातही पोवळ्याचं शिंग घासतच राहणार होतं. तो पुढे झाला, पायानं रेघ पुसली आणि स्वतःच्या हातानं ती लांब सरकवली.

मग त्यालाही गोडी लागली. सुंद्रा डोक्यावर करडईचं पोतं घेऊन दाराच्या रेघेतून आत आली, तो तेलाची घागर घेऊन बाहेर निघाला, आणि दोघांची टक्कर झाली. दार रुंद करावं लागलं. तेलाचे बुधले ठेवायचा कोपरा त्यानं ठरवला, तर दुपारचं ऊन नेमकं तिथंच येत होतं. कोपरा बदलला. एवढी वर्षं घाणा चालवला, पण घाण्याला काय हवं असतं हे आपण कधी विचारलंच नव्हतं, असं त्याला वाटून गेलं.

"आता पाऊस पाडू," सुंद्रा म्हणाली. छपराचं पाणी जिथं जिथं पडेल तिथं तिनं घागरीनं पाणी ओतलं. तीन बाजूंनी ते उताराला लागलं आणि वाहून गेलं. कुंपणाच्या बाजूला मात्र ते जरा थांबलं, गोल फिरलं आणि दिसेनासं झालं. तिनं आणखी एक घागर ओतली. तीही गेली.

"तहानलेली जमीन आहे. पिणारच," लिंबाजी म्हणाला.

"सगळं परस सारखंच तापलंय, मामंजी. मग तहान हिलाच का?"

"मला काय ठाऊक!"

"कुणाला ठाऊक असेल?"

लिंबाजीची नजर कुंपणापलीकडे गेली. तिथं हैबती राहत होता, आळीतला सगळ्यांत वयस्कर माणूस. दोघांच्या आज्यांच्या काळी या जागेत कुंपणच नव्हतं. पुढे कुंपण आलं, आणि मग त्या कुंपणावर हैबतीनं लावलेला शेवगा आला. फांद्या आपल्याकडे झुकतात म्हणून लिंबाजीनं एकदा तो न विचारता तोडला होता. त्या दिवसापासून दोन्ही घरांत अबोला होता.

"त्याच्या दारात मी जाणार नाही," लिंबाजी म्हणाला आणि घरात निघून गेला.

सोमवार उजाडला. सुतार आपली माणसं घेऊन आला. शेजारपाजारचे जमले. नारळ फुटला, खोबरं वाटून झालं. सुतारानं पहार उचलली.

"लिंबाजी, बोल. खणू का?"

सुंद्रा दारात उभी होती. चारचौघांसमोर ती कधी मोठ्यानं बोलत नसे. पण आज ती दोन पावलं पुढे आली. "मामंजी, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण इथं घाण्याजवळ तुम्ही बसणार आणि भोवती पोवळ्या फिरणार. पाणी कुठं जातंय ते कळेपर्यंत थांबायला सांगा."

"मुहूर्त टळेल की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"बायकामाणसाच्या शंकांनी घरं थांबायला लागली, तर झालंच," आणखी एक जण पुटपुटला.

लिंबाजीची कानशिलं तापली. एकदा त्यानं तयार लाकडाकडे पाहिलं, मग सुनेकडे. तिनं बैलाचं विचारलं तेव्हा चूक सापडली. दाराचं विचारलं तेव्हाही सापडली. बुधल्यांच्या कोपऱ्याचंही तसंच झालं. आज हिचा प्रश्न डावलला, तर तो खोटा आहे म्हणून नव्हे, आपलाच ताठा राखण्यासाठी. हे त्याला लख्ख कळलं, आणि कळल्यावर त्याला तिथं उभं राहवेना.

"पहार खाली ठेव," तो सुताराला म्हणाला. आणि सगळ्या गावादेखत तो हैबतीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दादा, आत येऊ का?"

हैबती ओट्यावर बसला होता. त्यानं मान वर केली. हातानं ओट्यावरची जागा दाखवली. "ये. बस."

"बसत नाही. आधी शेवग्याचं बोलतो. तो मी विचारून तोडायला हवा होता. चुकलं माझं. आता एक विचारायला आलोय. आमच्या परसात कुंपणाजवळची जमीन पाणी गिळते. तिथं काय आहे?"

हैबती काठी टेकत उठला. "तिथं पेव आहे, लिंबा. आमच्या आज्यानं धान्य साठवायला खोदलेलं. पुढं वापर बंद झाला, तेव्हा तोंडावर फरशी टाकली, वर माती ओढली. बुजवलं कधीच नाही."

"मग आम्ही जागा आखताना तुम्ही बघत होता ना?"

"बघत होतो. सांगायला कुंपणापर्यंत आलो, आणि मागं फिरलो. तुझ्याशी बोलायला जीभ उचलेना." म्हाताऱ्याचे डोळे भरले. "सूनबाईच्या हातची घागर बघितल्यापासून वाटत होतं, आता तरी हा विचारायला येईल."

हैबतीनं काठीनं जागा दाखवली. सुतारानं जपून माती बाजूला केली. खाली फरशी होती, आणि आडवी तडकलेली. ती उचलल्यावर आत काळोखा खड्डा दिसला. सुतारानं लांबलचक बांबू सोडला, तरी तो तळाला लागला नाही.

दगडी घाणा, भरलेली पोती, पोवळ्या, आणि बाजूला बसलेले आपण. लिंबाजीच्या डोळ्यांसमोर सगळं त्या खड्ड्यात कोसळताना उभं राहिलं. त्यानं पोवळ्याच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मघाशी पुटपुटलेला गृहस्थ हळूच सुंद्राजवळ गेला. "पोरी, माफ कर हो," एवढंच म्हणाला.

पेव दगडमातीनं बुजवलं. घाणाघरासाठी परसाच्या दुसऱ्या टोकाची जागा निवडली. तिथं पुन्हा सगळं मांडून पाहिलं. या वेळी घागर हैबतीनं ओतली, आणि राख सुतारानं स्वतः मागून घेतली. मग काम असं सरसर झालं, की एकही खांब उपटून पुन्हा रोवावा लागला नाही. पोवळ्या ऐसपैस फिरू लागला. तेलाला सावली मिळाली, घराला मोकळा श्वास.

लांबलांबची माणसं ते घाणाघर बघायला येत आणि विचारत, "कुठल्या सुतारानं बांधलं हो?"

लिंबाजी सुनेकडे बोट करी. "उभं केलं सुतारानं. बांधलं ते हिनं, एकही खांब न रोवता."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: जे काम एकदा उभं राहिलं की हलवता येत नाही, ते सुरू करण्याआधी मनातला प्रत्येक प्रश्न विचारून घ्यावा, आणि उत्तर ज्याच्यापाशी असेल, त्याच्या दारी जाताना मान खाली घालावी लागली तरी जावं.