बुरुडिणीची चटई

पूर्वी वेणुतट नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना तिथल्या वैद्यशाळेच्या सभेत भांडण पेटले होते, आणि तेही एका चटईवरून.

“उचला ती! आधी बाहेर टाका, मग बोलू,” प्रमुख आचार्य वसुगुप्त गरजले.

“चटई बाहेर गेली, तर तिच्यामागोमाग माझीही जाईल, गुरुजी.” हे बोलणारा त्यांचाच जुना शिष्य, आचार्य सोमिल. त्या जन्मी बोधिसत्त्व सोमिल होऊन जन्मले होते.

“तुझी? वीस वर्षांची विद्या या बाईपायी उंबऱ्याबाहेर टाकतोस?”

“हिच्याचमुळे ती विद्या झाली. तोवर नुसतं पाठांतर होतं.”

बाई दाराशी उभी होती. तिचे नाव सामा. जातीने बुरूड, केस निम्मे पिकलेले, हातांना खलबत्त्याचे घट्टे. वैद्यशाळेत शिकायला यायचे तर पहिल्या दिवशी आपली चटई सभेत पसरावी लागे. तिने ती पसरली होती. गंमत बघा, त्या सभेतली एकूण एक चटई बुरूडवाड्यातच विणलेली होती. चटई चालत होती. विणणारी चालत नव्हती.

हे असे का झाले, ते आता सांगते.

नगरात दर उन्हाळ्याला दाणेरी ताप येई. अंगावर लाल पुरळ उठे, आणि तीन दिवसांच्या आत काढा मिळाला नाही तर माणूस हाती लागत नसे. काढा शोधला सोमिलाने. त्या तापावर त्याने ग्रंथ लिहिला, राजाने त्याला शाल दिली, दूरदूरचे वैद्य तो ग्रंथ उतरवून घेऊन गेले. त्यात एक ओळ अशी होती : ‘हा ताप बुरुडांना येत नाही.’

ओळ खोटी होती. पण सोमिल खोटारडा नव्हता. वैद्यशाळेच्या अंगणात चुन्याची एक रेघ होती. बुरूड, कोळी, डोंगरातली माणसे आजारी पडली की त्या रेघेपलीकडे उभी राहत, आणि शिष्य दहा पावलांवरून त्यांना पाहत. उन्हात राबून काळ्याभोर झालेल्या कातडीवर दहा पावलांवरून लाल काय दिसणार, कपाळ? दिसले नाही, म्हणून नाही असे ठरले. ‘साधा ताप आहे, लंघन करा,’ असे सांगून त्यांना परत पाठवीत. ती घरी जाऊन मरत.

सभेच्या भिंतीमागे औषधे कुटायची पडवी होती. सामा सतराव्या वर्षी तिथे कुटायला बसली, त्याला बत्तीस वर्षे झाली होती. एका सकाळी सोमिल मुसळीचे चूर्ण न्यायला आला, तेव्हा तिने हातातला बत्ता खाली ठेवला.

“आचार्य, तुमच्या पुस्तकात आम्ही तापातून सुटलोय म्हणे?”

“निरीक्षण आहे ते, सामाबाई. वीस वर्षांचं.”

“हात लावलात का कधी?”

सोमिल चूर्णाची पुडी बांधू लागला.

“माझा भाऊ त्या सुटलेल्यांतलाच. गेला. आता त्याची लेक रेघेवर उभी आहे. डोळे मिटा आणि हात लावा तिला. आणि मग सांगा मला निरीक्षण.”

दुसरा कुणी असता तर तिची नोकरी गेली असती. सोमिल चूर्णाची पुडी तिथेच विसरून अंगणात गेला. सगळे बघत असताना त्याने रेघ ओलांडली, पोरीच्या दंडावर बोटे ठेवली आणि डोळे मिटले. कातडीखाली राईसारखे दाणे लागले. पाठीवर लागले, पोटावर लागले.

“काढा आणा,” तो म्हणाला.

पोर वाचली. सोमिलाने आपल्या ग्रंथाची ताडपत्रे मागवली आणि शिष्यांसमक्ष ती ओळ स्वतःच्या हाताने खरवडली. “मी वीस वर्षं ताप शोधत नव्हतो. लाल रंग शोधत होतो,” तो म्हणाला. नंतर तो पडवीत गेला आणि सामाला हात जोडून म्हणाला, “डोळे उघडे असून मला दिसलं नाही. तुम्ही ते मिटायला शिकवलंत. याची फेड कशी करू?”

“फेड नको. आत बसू द्या,” सामा म्हणाली.

त्याच आठवड्यात राजाने त्याला बोलावले. राजाला त्याच्यासाठी बागेत नवे संशोधनगृह बांधायचे होते. सोमिल म्हणाला, “महाराज, ते दुसऱ्या कुणाला द्या. मला वैद्यशाळेचं दार द्या.”

“दार? तिथे द्वारपाल आहे की!”

“आत कोणी यायचं, ते ठरवायचं काम मला द्या. आम्ही सगळे एकाच आळीतले. एकाच आळीला जे दिसतं तेवढंच आम्हाला दिसतं, आणि बाकीचे मरतात.”

राजाने थोडा विचार केला आणि दार दिले. चुन्याची रेघ त्याच दिवशी धुऊन निघाली. आणि पहिली चटई आली ती सामाची.

तेच हे भांडण. पहाटे सुरू झालेले, जेवणाची वेळ टळली तरी चाललेले.

“बरं,” वसुगुप्त शेवटी म्हणाले. ते वाईट नव्हते. विद्येवर त्यांचा जीव होता, आणि मागे बसलेल्यालाही कळावे म्हणून प्रत्येक धडा ते खड्या आवाजात तीनदा सांगत. “राजाज्ञा मी मोडत नाही. पण नियम नियम आहे. चटईवर बसण्याआधी शिष्यानं आपल्या गुरूचं नाव घ्यायचं. हिला गुरू कोण? कोणाच्या नावानं बसणार आहे ही?”

काहीजण हसले. सोमिलाला आपले नाव पुढे करता येईना; तिने त्याला शिकवले होते, त्याने तिला नाही. नियमाची दुसरी बाजूही सगळ्यांना ठाऊक होती : शिष्याने खरे नाव घेतल्यावर गुरूने ते नाकारले, तर त्याने आपली विद्याच नाकारली.

सामाने उत्तर दिले. एकच वाक्य. ते मी शेवटाला ठेवले आहे. ते ऐकून वसुगुप्त उठले, आणि चटईचा दुमडलेला कोपरा त्यांनी आपल्या हाताने सरळ केला. पुढे त्या सभेत सात वस्त्यांच्या चटया पसरल्या, आणि दाणेरी तापाला नगरात लपायला कातडी उरली नाही.

ही कथा सांगून झाल्यावर शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, “त्या वेळचा राजा म्हणजे आज विहारासाठी विहीर खोदून देणारा उपासक. वसुगुप्त म्हणजे दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला जात न विचारता पाणी देणारे आपले वृद्ध थेर भिक्षू. सामा म्हणजे आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी ती थेरी भिक्षुणी, आणि आचार्य सोमिल मीच होतो. जिच्याकडून शिकलो तिला जागा द्यावी, आणि ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव घ्यावे, त्याने आपल्याला हाकलले असले तरी. या गुणाला कृतज्ञता म्हणतात. मी ती सामाकडून शिकलो.”

कारण त्या दिवशी, कोणाच्या नावाने बसणार असे विचारल्यावर, सामा म्हणाली होती, “तुमच्याच नावानं, वसुगुप्त गुरुजी, बत्तीस वर्षं भिंतीमागे कुटत बसले, आणि तुम्ही तीनदा सांगितलेला एकही धडा मी चुकवला नाही.”