डोळे मिटून पाहिलेलं घर

घर विकायचं असेल, तर आधी त्यात काय दुरुस्त करावं, सांगाल? बार्शीच्या कुमुदताईंना हाच प्रश्न पडला होता. घर विकून त्यांना लेकीजवळ राहायला जायचं होतं आणि हाताशी होती ती नवऱ्यामागे उरलेली थोडी शिल्लक.

गावातले बडे ठेकेदार हिंगमिरे खांद्याने दार ढकलून आत आले, चहा घेतला आणि त्यांनी फर्मान सोडलं, "काकू, फरशी उखडा, छत नवं करा, भिंतींना भारी रंग द्या. नाहीतर इकडे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. घराची पारख आम्हाला विचारा!"

"विचारते की. भाऊ, जरा डोळे मिटा," कुमुदताई म्हणाल्या. "आता सांगा, तुमच्या पायाखालची फरशी कोणत्या रंगाची?"

हिंगमिरे गडबडले. "लाल... नाही, करडी असेल."

"आणि भिंती?"

"भिंती कोण बघत बसतंय!"

"मग या घरातलं लक्षात काय राहिलं?"

"दार किती अडकतं तुमचं! खांदा दुखतोय अजून. आणि तो नळ, मघापासून नुसता टपटप, टपटप..." बोलता बोलता हिंगमिऱ्यांनी डोळे उघडले आणि ते स्वतःच हसायला लागले.

कुमुदताईंनी हात जोडले. "उपकार झाले, भाऊ. येणाऱ्याला खुपतं तेवढंच दुरुस्त करते. माझी शिल्लक वाचवलीत तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगमिरे स्वतः सुतार आणि प्लंबर घेऊन आले, आणि दार एका बोटाने उघडू लागलं.