टिचकूचा मोरस

खाडीकाठी राहायचं खेकड्याचं एक पिल्लू. नाव टिचकू. टिचकूनं बांधाच्या आत मोरस लावला. मोरस म्हणजे खारट पानांची भाजी. खारं पाणी पिते आणि खुशाल वाढते.

एक दिवस टिचकू पाहतं तर काय, पानं सुकलेली. बांधाचं लाकडी दार बंद. खारं पाणी आत येणार कुठून? बाहेर भरती होती. पण ओहोटी लागली की पाणी जाणार, आणि मोरस मरणार.

टिचकू निघालं. तिरकं तिरकं, तुरु तुरु.

"दारा दारा, उघड. मोरस जगेना."

"माझ्यावर बगळा बसलाय. बगळा उडू दे, मग उघडेन."

तिरकं तिरकं, तुरु तुरु.

"बगळ्या बगळ्या, ऊड. दार उघडेना, मोरस जगेना."

"मी बरा उडेन उगाच. कुत्रा भुंकू दे, मग उडेन."

तिरकं तिरकं, तुरु तुरु.

"कुत्र्या कुत्र्या, भुंक. बगळा उडेना, दार उघडेना, मोरस जगेना."

"पोट रिकामं आहे रे. माझ्या मालकिणीनं, चांगुणाबाईनं, भाकरी वाढली की मग भुंकेन."

टिचकूनं मागे पाहिलं. भरती सरत आली होती.

तिरकं तिरकं, तुरु तुरु. चांगुणाबाई चुलीपाशी बसली होती.

"बाई बाई, भाकरी वाढ. कुत्रा भुंकेना, बगळा उडेना, दार उघडेना, मोरस जगेना."

"भाकरी आहे, बाळा. पण त्या लाडोबाला कोरडी चालत नाही. भाजीला मोरस आण, मग वाढेन."

आता घ्या. मोरसासाठीच तर ही धावाधाव!

टिचकू रडू लागलं. "खुडला तर मरेल माझा मोरस."

"नुसते शेंडे खूड. मुळाला हात लावू नको. पुन्हा फुटेल."

टिचकूनं मन घट्ट केलं. कट कट, शेंडे खुडले. रटरट रटरट, भाजी शिजली. बाईनं सवयीनं मीठ उचललं. टिचकूनं पटकन तिचं बोट धरलं.

"मीठ नको, बाई. मोरसाला मीठ कशाला?"

"खरंच की," बाई म्हणाली. नाहीतर कुत्र्यानं तोंडही लावलं नसतं.

बाईनं भाकरी वाढली. कुत्रा जेवला. कुत्रा भुंकला, भो भो. बगळा उडाला, फडफड. दार उघडलं, करकर. खारं पाणी आत आलं, खळखळ. मोरस पाणी प्यायला, गटगट.

आणि मग ओहोटी लागली. लागू दे.

मोरसाला नवे शेंडे फुटले. टिचकूनं एक पान खाल्लं, कुरुम कुरुम. कसं लागलं? खारट.

मीठ घातलं होतं का? छे.