विझलेल्या चुलींचं माप

राजा चंडसेनानं हुकूम सोडला, चिंचघाटचं धान्याचं कोठार उचलून राजधानीत आणा. का? तर म्हणे, जे शहर संकटात टिकेल आणि लवकर सावरेल, धान्य तिथेच ठेवायचं. सरकारी मापाड्यांनी दोन्हीकडचे तट मोजले आणि सांगितलं, राजधानीच भक्कम.

चिंचघाट नदीकाठचं. दर पावसाळ्यात पूर घरात शिरायचा. कोठार गेलं तर पुरानंतर तिथल्या लोकांनी खायचं काय? माती?

तिथली ठकू भडभुंजीण फुटाणे भट्टीवर तसेच टाकून तडक दरबारात गेली.

"महाराज, भिंती मोजल्या. माणसं कधी मोजणार?"

"मग तूच मोज," राजा म्हणाला. "पण पूर आणायचा नाही, आग लावायची नाही, घर पाडायचं नाही. संकट न येता सांग, कुठलं शहर आधी सावरेल. नाही जमलं, तर सगळं धान्य तुझ्याच डोक्यावरून वाहायला लावीन."

दरबारी हसले. पोट भरलेलं असलं की हसायला काय लागतं?

"उद्या दोन्हीकडच्या चुली विझवा," ठकू म्हणाली. "विस्तव एकेकाच ठिकाणी ठेवा. इथे तुमच्या मुदपाकखान्यात, तिथे माझ्या भट्टीत. चकमक कुणी झाडायची नाही. बघू, आधी कोण जेवतंय."

राजाला गंमत वाटली. दवंडी पिटली, चुली विझल्या.

चिंचघाटात रीतच होती. पूर ओसरला की जिची चूल आधी पेटेल, तिनं शेजारणीला निखारा द्यायचा. बायका खापरं घेऊन भट्टीवर आल्या. एक मागेच उभी राहिली, तशी शेजारीण खेकसली, "कौतिके, माझं भांडण तुझ्या सासूशी आहे, चुलीशी नाही. धर खापर."

राजधानीत मात्र प्रश्न पडला, पहिला निखारा उचलायचा मान कुणाचा? प्रधान म्हणाले, आमचा. सेनापती म्हणाले, लढाईत पुढे आम्ही, मग निखाऱ्यालाच मागे का? राजपुरोहितांनी पंचांग उघडलं. मानाचा निखारा उचलल्याशिवाय आचाऱ्यांनाही चुलीला हात लावायची सोय नव्हती. वाद रंगला आणि विस्तवाची राख झाली.

दुपारी राजाच्या पोटात कावळे ओरडू लागले. नदीपलीकडे चिंचघाटच्या घराघरांतून धूर निघताना दिसत होता. राजा गुपचूप नावेत बसला आणि थेट ठकूच्या दारात उभा राहिला.

"बाई, भाकरी आहे का?"

ठकूनं भाकरी वाढली, वर ठेचा. राजानं भरल्या तोंडानंच विचारलं, "बरं, त्या मापाचं काय झालं? निकाल सांग."

"मी कशाला सांगू?" ठकू म्हणाली. "राज्य करता तिकडे, आणि जेवायला आलात इकडे. आणखी कसला निकाल हवाय?"

राजाला ठसका लागला. मग असा हसला की हातातली भाकरी ताटात पडली. "कोठार इथेच राहील," तो म्हणाला, "आणि किल्ली आजपासून तुझ्याकडे."

"द्या," ठकू म्हणाली. "आणि जाताना रात्रीसाठी चार भाकरी बांधून न्या. तिकडे अजून मान ठरलेला नसेल."